घाटात दम तोडणारी गाडी

समस्त ग्रामस्थ, माताभगिनी, बाहेरगावाहून आलेले पाहुणे आणि चहाच्या टपरीवर बसलेले सर्व तज्ज्ञ यांनी कृपया शांतता राखावी. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या कुटुंबातील ज्येष्ठ सदस्या, सहा चाकांच्या, तपकिरी तोंडाच्या, ज्यांनी अर्ध्या जिल्ह्याचा कापूस आपल्या पाठीवरून वाहिला, त्यांचा पिकअप गेलेला आहे. सपाटीवर प्रकृती स्थिर आहे. चढावर दम लागतो. भेटीस येणाऱ्यांनी सोबत सल्ला आणू नये. ठेवायला जागा उरलेली नाही.

ही घोषणा मी खरोखर माईकवरून केली. वडनेर भोलजीला माझा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. लग्नाआधी भोंगे तपासताना लोक ‘हॅलो, हॅलो’ करतात. माझ्यानं ते होत नाही. एवढा मोठा आवाज हाताशी असताना माणसानं नुसतं हॅलो म्हणावं, हे मला अन्नाची नासाडी केल्यासारखं वाटतं. त्या सकाळी सगळं गाव हसलं. नवरदेवसुद्धा हळदीच्या तोंडानं हसला. मी मोठ्या ऐटीत घरी आलो, तर वहिनी दारात तूर पाखडत बसल्या होत्या.

“दुःख होते म्हन्ता अन् दात काढता, भाऊजी,” त्या म्हणाल्या. सूप काही थांबलं नाही. “तिले दम लागून राह्यला, अन् तुमाले हासू येते.”

मी गप्प झालो. मला गप्प करणं सोपं काम नाही. आमच्या घरात ते दोघांनाच जमायचं. एक वहिनी. दुसरा माझा थोरला भाऊ, ज्याची ती गाडी.

दादा गाडीचा मालक आणि दादाच ड्रायव्हर. कापसाच्या दिवसांत गावोगावचा कापूस जिनिंगला न्यायचा, उन्हाळ्यात कांदा, मधल्या दिवसांत जे मिळेल ते. हायवे आमच्या गावाला चिकटूनच जातो. त्यावरून गाड्यांची रांग कधी तुटत नाही. त्या सगळ्या गोंधळातून वहिनी दादाची गाडी ओळखायच्या. गावात वळताना दादा गिअर उतरवायचा, तेव्हा इंजिन एक लांब हुंकार द्यायचं आणि मग घोगरं खाकरायचं, घरात सुना आहेत हे माहीत असलेला सासरा उंबऱ्याबाहेर खाकरतो तसं. ते खाकरणं कानावर पडलं की वहिनी तवा चुलीवर टाकायच्या. दादा हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत पहिली भाकर टम्म फुगलेली असायची. त्यांच्या लग्नानंतर बरीच वर्षं मी असं धरून चाललो होतो की भाकर जाळानं फुगत नाही, त्या आवाजानंच फुगते.

दादा गेला तो ऐन कापसाच्या हंगामात. झोपेतच गेला. गाडी अंगणात उभी, मागच्या फळ्यांना अजून कापूस चिकटलेला. घरात ती चालवणारं दुसरं कोणी नव्हतं; मी त्या काळी घाट म्हटलं की शेजारच्या सीटवरसुद्धा डोळे मिटून बसायचो. थंडी संपायच्या आत गाडी विकली. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, असं उडत उडत कानावर यायचं. त्यानंतरही कितीतरी संध्याकाळी हायवेवर कुठल्या तरी परक्या गाडीनं गिअर उतरवला की वहिनींचा हात तव्याकडे जायचा आणि मधेच थांबायचा. आम्ही सगळे ते पाहायचो आणि दुसरीकडे पाहत असल्याचं नाटक करायचो. मी तर नाटकात वाकबगार. मला सगळ्यात वाईट जमायचं.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी, संग्रामपूरला, मला ती गाडी दिसली.

एका लग्नाचा मंडप ठरवायला गेलो होतो. मक्याची पोती उतरवणं चाललेलं. गाडीचा रंग बदललेला, पाठीवर दुसऱ्यांच्या पोरांची नावं. पण ड्रायव्हरचं दार उघडंच होतं, आणि आतल्या बाजूला मुठीच्या जागी एक पितळी कडी होती. ती कडी आमच्या कपाटाची. गाडीची मूळ मूठ तुटली तेव्हा दादानं घरच्या कपाटाची काढून तिथं बसवली, आणि तेव्हापासून आमचं कपाट सुतळीनं बंद होतं. मी पुढे झालो, कडी धरली, दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं.

“घेता का?” मालकानं विचारलं.

“देता का?”

“न्या ना बाप्पा!”

संग्रामपूरच्या बाजारात जो माणूस घासाघीस करत नाही, तो काहीतरी टाळत असतो. एरवी हे मला झोपेतही कळलं असतं. पण मी कडी धरून उभा होतो.

मंडपाच्या धंद्यानं एव्हाना मला मोठी गाडी चालवायला शिकवलं होतं. संध्याकाळी हायवेवरून गावात वळलो. मुद्दाम दादासारखा, त्याच जागी, गिअर उतरवला आणि कान टवकारले. हुंकार नाही. खाकरणं नाही. गळा दाबलेल्या म्हशीसारखा एक घुसमटलेला आवाज आला आणि मागून काळ्या धुराचा लोट. दारात सगळे जमले. वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

“गाडी तीच हाय,” त्या म्हणाल्या. “आवाज तिचा नाई.” आणि आत गेल्या.

माझी बायको मात्र आत गेली नाही. ती कमरेवर हात ठेवून धूर विरण्याची वाट पाहत होती.

“तुमची हौस मले समजते,” ती म्हणाली. “पन दारात मेलेली गाडी उभी करून मी तिले झाडत बसनार नाई. पासिंग झालं त गाडी. नाई झालं त भंगार. द्या हात.”

मी हात दिला. पासिंग म्हणजे बुलढाण्याला आरटीओकडे जाणं. बुलढाणा आहे डोंगरावर, आणि आम्ही आहोत खाली सपाटीला. मोताळा ओलांडला की राजूरचा घाट आडवा येतो. आणि घाट कसाबसा चढून गेलं, तरी असला काळा धूर ओकणारी गाडी कोण पास करणार? आवाज, धूर आणि चढ, तिन्ही गोष्टी सुधारल्या तर गाडी. नाहीतर दादाचं उरलंसुरलं जे काही आहे ते गॅसकटरखाली. पाहुण्याच्या अंगणात भंगारवाला गाडी कापत होता ते मी एकदा पाहिलं होतं. आधी दारं काढतात.

तर निदानाला सुरुवात झाली. आमच्या भागात आजारी गाडी ही सार्वजनिक मालमत्ता असते. टपरीवरच्या कंपाउंडरनं सांगितलं, “आतून साफ करा, एक जुलाब द्या.” म्हणजे टाकीतला गाळ काढा. कृषी केंद्रवाला म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ. एका निवृत्त कंडक्टरनं डोळे मिटून धूर नाकात घेतला आणि जाहीर केलं, “दुःखी हाय.” त्याचंच निदान पुढे सगळ्यात जवळचं निघालं, पण तेव्हा आम्ही त्याला हसलो.

शेवटी गाडी उस्तादांकडे नेली. उस्ताद रोहिणखेडचे, गॅरेज मोताळ्याला. दादाच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातातली. नम्रता या गुणाशी उस्तादांचा कधी संबंध आला नाही. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, आणि चेहरा असा करायचा की आत कोणी त्यांची स्तुती करत आहे.

“इंजिन माझ्यापुढं खोटं बोलत नाई,” ते म्हणाले. “धूर काळा म्हंजे दोनच गोष्टी. डिझेल जास्त, नाई त हवा कम. निळा राहता त ऑइल जळलं असतं. पांढरा राहता त डिझेल कच्चंच बाहेर पडलं असतं. काळ्याचं मले सोडा. दोन दिवसांत गाडी गाणं म्हनन.”

आधी हवा पाहिली. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत नवाकोरा फिल्टर. आधीच्या मालकानंच बदललेला. उस्तादांनी तो उन्हात धरून आरपार पाहिला, टिचकी मारली. “हवा ओके.” झालं. तिथून पुढे सगळा संशय डिझेलवर. डिझेलचे फिल्टर बदलले. नॉझल काढून दाब तपासला, एक थेंब गाळत होतं, ते बदललं. पंप मलकापूरला बेंचवर नेऊन बांधून आणला. टॅपेट लावले. ऑइलचं झाकण उघडून, इंजिन चालू ठेवून, आतून धूर येतो का ते पाहिलं. म्हणजे पिस्टन थकलेत का. नव्हते थकले. “म्हातारीची हाडं चांगली हायेत,” उस्ताद म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं ब्रेक धरत असतील, तर चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली. भिंगरीसारखी फिरली. सायलेन्सर काढून त्यात बांबू घालून पाहिला. क्लच पाहिला.

आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तोच चमत्कार. उभ्या गाडीला रेस दिली की पहिलवान. मोताळ्याबाहेर जरासा चढ लागला, पाय दाबला, की दोन श्वास नीट आणि तिसऱ्याला घुसमट. पाय काढला की पुन्हा ठणठणीत. जिथं पाहावं तिथं आजार नाही आणि जिथं आजार तिथं पाहता येत नाही.

“उस्ताद,” मी म्हणालो, “ही नाटक तर नाही करून राह्यली?”

“भाऊ,” ते हात पुसत म्हणाले, “तुमच्या घरची हाय.”

या सगळ्या दिवसांत मी गॅरेजच्या बाकड्यावर बसून असायचो, आणि खरं सांगू, मला ते दिवस संपू नयेत असंही वाटायचं. गाडीचा एकेक भाग बाहेर आला की दादाचा एकेक तुकडा बाहेर यायचा. सीटखाली त्याचा कंगवा सापडला. बॅटरीची तार जिथं सोलली होती, तिथं त्याच्या दातांची करामत दिसली. दादाच्या खिशात कधी चाकू नसायचा. तार, सुतळी, पुडी, पोत्याचं तोंड, काहीही उघडायचं असलं की तो दातांनी उघडायचा. त्याच्या काही रीती मला बाकड्यावर बसल्या बसल्या आठवायच्या. निघताना तो टायरला पायानं नव्हे, हाताच्या पाठीनं थोपटायचा, म्हशीला थोपटतात तसं. हंगाम सुरू झाला की गाडीच्या नाकाला फडकं बांधायचा. नाक म्हणजे केबिनच्या मागून वर आलेला, हवा ओढायचा पाइप. कापसाचं बारीक तूस हवेबरोबर आत जाऊन फिल्टर भरू नये, म्हणून. फडकं पातळ आणि सुती हवं, म्हणजे हवा जाईल आणि तूस अडेल. जयंतीच्या आदल्या दिवशी ते सोडायचा, गाडी नखशिखांत धुवायचा आणि तिला निळे झेंडे लावायचा. मिरवणुकीत आमच्या गावची पहिली गाडी तीच असायची, आणि पुढे माईक धरून मी.

जयंतीवरून वहिनींची पांढरी साडी आठवते. निळ्या काठाची, सुती. ती त्या जयंतीला आणि दसऱ्याला नेसायच्या, एरवी ट्रंकेत. दादाच्या शेवटच्या थंडीत त्यांनी ट्रंकेतले कपडे उन्हात टाकले, आणि त्या साडीचं आतलं टोक, जे कमरेला खोचलं जातं, ते वीतभराहून जास्त गायब! मी अंगणातच होतो. दादा जेवत होता.

“आवो, हे काय?”

दादानं ताटातून मान वर केली नाही. “उंदीर.”

“उंदरानं पदर सोडला, अन् आतलं टोक खाल्लं?”

“हुशार असन. दिसू नये म्हनून आतून खाल्लं.”

वहिनींनी कड डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. काठाजवळ ती खरंच कुरतडलेली होती. त्यांना रडू आलं, कारण ती साडी दादानं स्वतः खामगावहून आणली होती, दुकानात कोणालाही न विचारता, त्याच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची कपड्याची खरेदी. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडून एक मांजर घेऊन आल्या. दादाला मांजराचं वावडं. केस उडाला तरी शिंकांची माळ लागायची. तो दारात आला, त्यानं मांजराकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शिंकला. मग काहीच बोलला नाही. पुढे जितके दिवस होता तितके दिवस शिंकत राहिला. मांजर मुद्दाम त्याच्याच मांडीवर येऊन बसायची. तो हात आखडून, नाक लाल करून बसायचा आणि वहिनी विचारायच्या, “सर्दी झाली काय?” तर म्हणायचा, “हाव, थंडी हाय ना.” त्या मांजरीचा वंश अजून आमच्या छतावर नांदतो. वहिनी अजून त्यांना दूध ठेवतात, आणि कोणी हाकललं तर म्हणतात, “राहू दे. त्याइच्या वेळची हायेत.”

पासिंगची तारीख आली. उस्तादांचा अभिमान एवढा दुखावला होता की ते म्हणाले, मी स्वतः सोबत येतो आणि गाडी भरून न्या. “रिकामी गाडी खोटं बोलते. वजन टाका. चढावर माझ्यासमोर दम तोडू द्या तिले, मंग पाहतो.” घाटमाथ्याच्या अलीकडे सगळं उतरवू, पुढे रिकामी नेऊ, असं ठरलं. मी मंडपाचे पाइप, गालिचे आणि स्वयंपाकाची पातेली भरली. सकाळी निघताना पाहतो तर वहिनी धुतलेल्या लुगड्यात, पिशवी घेऊन, केबिनच्या दाराशी.

“मी येतो,” त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात, येतो, जातो.

“वहिनी, घाटात गरम होईन...”

“त्याइनं कबूल केलं होतं. घाटात एक वळन हाय, तठी गाडीले पानी पाजतो म्हने, तठून खालचं सगळं दिसते, सातपुड्यापर्यंत. पुढच्या वर्षी नेतो, पुढच्या वर्षी नेतो. आज गाडी पास झाली त झाली. नाई झाली त मंग कोन्या गाडीतून पाहू?”

मी दार उघडलं. त्यांना मधे बसवलं. मोताळ्याला उस्ताद चढले, खिडकीशी बसले, स्क्रू-ड्रायव्हर राजदंडासारखा धरून.

राजूर गाव मागे पडलं आणि चढ सुरू झाला. मी पाय दाबला. दोन श्वास नीट. तिसऱ्याला घुसमट. गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर आली. मागच्या मोटारसायकलवाल्यानं आमचा धूर खाऊन माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आरशात काळोख. वहिनी समोर पाहत नव्हत्या. मान तिरकी करून, डोळे मिटून, त्या ऐकत होत्या, हायवेकडचं ऐकायच्या तसं.

“थांबा जरा,” त्या एकदम म्हणाल्या. “ते ‘गप्’ झालेलं कोठून आलं?”

“काय गप्, भाभी?” उस्ताद.

“आता पुन्हा जोर लावा, भाऊजी. ऐका... हे! ओढ, ओढ, अन् गप्. मागून, डाव्या अंगानं. इंजिन त समोर हाय ना?”

आम्हाला इंजिनाच्या गोंगाटात काही ऐकू आलं नव्हतं. एवढ्यात ते वळण आलं, जिथं सगळ्याच जुन्या गाड्या पाणी प्यायला थांबतात. आमची न विचारता थांबली. मी चाकामागे दगड लावला. वहिनी खाली उतरल्या आणि बोलत राहिल्या, अगदी घरच्या गोष्टी सांगाव्यात तसं:

“तुमचे दादा झोपेत असंच करत. घोरता घोरता दम आत ओढत, ओढत, अन् एकदम गप्. मंग मी कुशीवर लोटत होती, त पुन्हा सुरू. हिचं नाक बंद होऊन राह्यलं.”

उस्ताद हसले, पण हसू पूर्ण झालं नाही. “भाभी, हवा म्या पाह्यली. फिल्टर नवा हाय.”

“ते त पोटातलं झालं. नाक पाह्यलं?”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. फिल्टरपासून आत, इंजिनाच्या तळापर्यंत त्यांनी सगळं उलटंपालटं केलं होतं. फिल्टरच्या अलीकडचा तो साधा पाइप कोणी पाहिलाच नव्हता. पाइपात काय असतं? हवा.

ते मुकाट्यानं वर चढले. पाइपाच्या तोंडावर चकचकीत नवी टोपी होती. मधल्या कुठल्या तरी मालकानं बसवलेली. ती काढली. आत अंधार. मग खाली येऊन फिल्टरजवळच्या रबरी वळणाचा पट्टा सैल केला, वळण सोडवलं, आणि दोन बोटं आत घातली. बोटं थांबली. उस्तादांचा चेहरा मी कधीही न पाहिलेला झाला. इंजिन त्यांच्याबद्दल काही वाईट बोलल्यासारखा.

आणि मग, जत्रेतला जादूगार टोपीतून रुमाल काढतो तसं, बाहेर यायला लागलं. फडकं. करडं, तुसानं जाड झालेलं, ओढावं तेवढं येत राहणारं फडकं.

“उभी राह्यली की हे ढिलं पडून राहे,” उस्ताद हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. “हवा जोरात ओढली की वळनावर जाऊन चिपके. गप्. पाय काढला की पुन्हा ढिलं. भाऊ, हे मोठ्या भाऊनंच बांधलेलं. ते गेले. सोडलं कोनी नाई. सुतळी सडली, फडकं आत गेलं, अन् वरून कोन्या शहाण्यानं टोपी बसवली.”

त्या वर्षीच्या जयंतीला ते सोडायला दादा नव्हता, आणि गाडीही आमच्याकडे नव्हती.

उस्तादांनी वळण पुन्हा बसवलं, पट्टा आवळला आणि मला हात केला. मी चावी फिरवली. पाय दाबला. गाडीनं एवढी मोठी हवा आत घेतली की जणू इतकी वर्षं ती कोणासाठी तरी श्वास रोखून बसली होती. लांब हुंकार आला. मी पाय काढला, आणि ती खाकरली. घोगरं, ओळखीचं, घरात शिरताना खाकरतात तसं. मागचा धूर आधी काळा, मग करडा, मग नुसती हवा थरथरताना दिसायला लागली.

पासिंग झालं, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. त्याच दुपारी झालं. बायकोनं दारात ओवाळायचं ताट आणलं आणि मला नाही, गाडीला ओवाळलं. पण मला आठवतं ते घाटातलं वळणच. मी खिडकीतून पाहत होतो. तो आवाज कानावर पडताच वहिनींचे दोन्ही तळवे आपोआप एकमेकांजवळ आले, भाकर थापायला येतात तसे. तिथं ना पीठ होतं, ना चूल. खाली सगळं पसरलेलं होतं, शेतं, नदीची रेघ, आणि पार टोकाला निळसर सातपुडा, दादानं वर्षानुवर्षं पुढच्या वर्षावर ढकललेला. त्या तिकडे पाठ करून उभ्या होत्या. उस्तादांनी दगडावर टाकलेलं फडकं त्यांनी उचललं, झटकलं. तुसाचा ढग उडाला. त्यांनी ते लुगड्याच्या कडेनं पुसलं, पुन्हा झटकलं, आणि करड्या रंगाखालून निळा काठ वर आला.

मी इंजिन बंद केलं. खिडकीखाली उभे असलेले उस्ताद काहीतरी बोलणार होते. मी हात बाहेर काढून त्यांचा दंड धरला.

वहिनींनी फडक्याची फाटलेली कड बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली. सगळी कड सरळ फाटलेली होती. फक्त सुरुवातीला, काठाजवळ, चावून सुरुवात केल्याची खूण होती. दातांची. त्यांनी तिथं अंगठा ठेवला. एक एसटी हॉर्न देत वर गेली. मग त्यांनी मान वर केली, केबिनकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी, पितळी कडीच्या दाराकडे, आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या:

“आवो, उंदीर तुमीच होते, त मंग मले मांजर काऊन पाळू देली?”